पोळपाटाचे तीन पाय

जबलपुरातल्या कांचघर भागातल्या आमच्या घरात जेवायच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली कागदाची घडी असते आणि ती घडी माझ्या पत्रकाची असते. मोहीम बदलली की घडी बदलते. सध्या तिथे ‘फुटपाथ किसके लिए?’ आहे. पत्रकं मी हिंदीत लिहिते, कारण ज्यांच्या हातात ती द्यायची ते हिंदी वाचतात. मराठीत मी फक्त घरी भांडते. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो आहे. पण घडलं ते मराठीत घडलं, म्हणून मराठीतच लिहिते.

पत्रकात मुद्दा पहिल्या चार ओळींत यावा लागतो, नाहीतर माणूस त्यात शेंगदाणे बांधून घेतो. तर मुद्दा असा: माझी आई दोन वर्षं घराच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. बाबांनी तिच्यासाठी जीपमागे ओढायचं एक छोटं घर बांधलं. त्यात ती एक दिवस, एक रात्र राहू शकली तर पुढे कुठे जाणार होती. नाही राहू शकली तर संपलं.

तिच्या कानात काहीतरी बिघडलं होतं. तोल सांभाळणारी जी गोष्ट कानाच्या आत असते, ती. आमच्याच शहरातल्या गोरखपुर भागाच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन चालताना तिला एकदम जमीन फिरल्यासारखी वाटली. धरायला काही नव्हतं. फुटपाथ होता म्हणे. मी नंतर जाऊन पाहिला. त्यावर बनियनचे स्टँड, प्लास्टिकच्या बादल्यांचा डोंगर आणि मधोमध नाल्यावरची फुटकी फरशी. म्हणजे धडधाकट माणसानेही रस्त्यावरूनच चालायचं. आई रस्त्यातच खाली बसली. लोकांनी पाणी दिलं, हे खरं. एका स्कूटरवाल्याने ती उठेपर्यंत हॉर्न वाजवला, हेही खरं.

औषधांनी चक्कर गेली. डॉक्टर म्हणाले, आता फिरा, फिरलंच पाहिजे. पण आईचं म्हणणं वेगळं होतं.

“चक्कर गेली गं. पण जमिनीचा भरवसा गेला माझा.”

मी माझ्या पद्धतीने उत्तर दिलं. मोहीम सुरू केली. आठवड्यातून तीन सकाळी बाजारात उभी राहून पत्रकं वाटली, ज्यांच्या कामात फुटपाथ बसतो त्या साहेबांच्या दारात बसले, घसा बसवून घेतला. आई गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणायची, “तू माझ्यासाठी साऱ्या गावाशी भांडून राहिली, अन् मी तर कुठे जातच नाही.” मला राग यायचा. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

बाबा पत्रक लिहिणाऱ्यांतले नाहीत. ते संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फिटर होते, निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, ही परक्या बिछान्याला घाबरते, परक्या जिन्याला घाबरते, मग घरच सोबत नेलं तर? अंगणात लोखंडी सांगाडा उभा राहिला. जुन्या जीपची दोन चाकं, खाली कमानी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वर प्लायवूड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. आत एक पलंग, शेगडीसाठी ओटा, दोन खिडक्या. मी त्याला डबा म्हणायचे. त्याच्या कागदपत्रांसाठी बाबांनी ज्या खेपा घातल्या त्यावर एक वेगळं पत्रक निघेल, ते इथे नको.

डबा तयार झाल्यावर आईने तो चारी बाजूंनी पाहिला, दार उघडून पाहिलं, आत पाय ठेवला नाही. म्हणाली, “एकदा येईन. आत हाललं तर मी परत. मग मला कोणी चल म्हणायचं नाही. कधीच नाही.”

“मंजूर,” बाबा म्हणाले. मला न विचारता.

थंडीचे दिवस होते. बरगीच्या जलाशयाच्या काठाला एक खासगी कॅम्पची जागा आहे, गाडी लावा, तंबू लावा, राहा. त्या पाण्याखाली गावं गेलेली आहेत हे मला माहीत आहे आणि तिथे सहलीला जाणं मला खटकतं हेही मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “परत आल्यावर लिही. आता मटार सोल.” मी मटार सोलत बसले. जीपमध्ये आई पुढे होती, डोळे मिटून, एक हात डॅशबोर्डवर. बाबा अशी गाडी चालवत होते, जणू मागच्या डब्यात उघडी तेलाची कढई ठेवली आहे. बारा वाजता पोचलो.

जागा सुरेख होती. पण पाण्याकडे उतरती. फार नाही, एखादी बाटली आडवी ठेवली तर हळूहळू घरंगळेल इतकी. मोहाच्या झाडाजवळ बाबांनी डबा उभा केला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, जीपचा हुक सोडवून डब्याचा पुढचा दांडा त्याच्याखालच्या पायावर टेकवला. डब्याला चारी कोपऱ्यांत त्यांनी स्वतः बनवलेले स्क्रूचे पाय होते, हँडल फिरवलं की खाली उतरणारे. त्यांना ते टेकू म्हणत. खिशातून लेव्हल काढली, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी, आणि डब्यात पलंगाखाली ठेवली.

“आता बघ,” मला म्हणाले. “लेथ मशीन बसवायची तर काय करतो आपण? चार कोपरे, चार स्क्रू. बुडबुडा मधोमध आला की काम संपलं. इतकी वर्षं हेच केलं.”

आणि त्यांनी तेच केलं. पाण्याकडच्या बाजूचे दोन टेकू फिरवत गेले. डबा त्या बाजूने वर उठायला लागला. स्प्रिंगा ताणल्या गेल्या, त्या बाजूचं चाक हलकं झालं, मी बुटाने ठोकलं तर पोकळ वाजल्यासारखं वाटलं. पण बुडबुडा मधोमध होता. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार दिवसांनी पाहिलं.

“अगं ये,” त्यांनी आईला हाक मारली. “आत ये. पाटासारखं सपाट आहे.”

आई आली. चप्पल काढली. दाराची चौकट धरून एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, पलंगाकडे निघाली. तिसऱ्या पावलाला सगळा डबा हळूच एका बाजूला लचकला आणि परत आला. मला बाहेरून दिसलंसुद्धा. खिडकीची काच चमकून गेली. आई होती तिथेच खाली बसली. दोन्ही हात जमिनीवर पसरून. बाजारात ती अशीच बसली असणार.

बाबांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून ती चटईवर बसली. रडली नाही. म्हणाली, “मी सांगितलं होतं.”

“हे पहिलंच आहे, जरा थांब, घट्ट करतो,” बाबा म्हणाले.

“तुम्ही चहापर्यंत करा काय करायचं ते. मी चहा पिऊन घरी जाणार. अंधार व्हायच्या आत.”

बाबा टेकूंना भिडले. आणि मी, मला जे येतं ते करायला गेले. कॅम्पच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली आणि एक म्हातारा चौकीदार, मफलर डोक्याला गुंडाळलेला, पेरू खात बसलेला.

“भैया, ये ज़मीन टेढ़ी है,” मी म्हणाले.

“नदी का किनारा है दीदी. टेढ़ा ही होता है.”

“आप लोग कैम्प की जगह कहके देते हैं तो सीधी करके देनी चाहिए न? मेरी माँ बीमार है. वो गिर जाती तो?”

“कल दो गाड़ियाँ ठहर के गईं. उनको तो नहीं लगी टेढ़ी. वो लोग पटिये लगा लेते हैं,” आणि त्याने पेरूच्या फोडीनेच खोलीमागे रचलेल्या लाकडी फळ्यांकडे दाखवलं.

मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. मागण्या मनात आखाड्यात उतरल्या की मला समोरच्याचं काही ऐकू येत नाही, ही माझी जुनी खोड आहे. मी तक्रारीची वही मागितली. सुतळीने खिळ्याला बांधलेली होती. मी क्रमांक घातले. एक, जमीन अविलंब समतल करण्यात यावी. दोन, ज्येष्ठ आणि आजारी व्यक्तींसाठी. तीन, चार, पाच. सगळं हिंदीत, सगळं खणखणीत. चौकीदार खांद्यावरून वाचत होता.

“दीदी, ‘अविलंब’ काट दीजिए.”

“क्यों?”

“मालिक को समझ नहीं आएगा. ‘जल्दी’ लिखिए. जल्दी उनको आता है.”

मी अविलंब तसंच ठेवलं. पेरूची एक फोड त्याने मला देऊ केली, ती मी घेतली नाही. आता वाईट वाटतं. जबलपुरात थंडीत पेरू नाकारणं म्हणजे जवळजवळ वैर.

परत आले तर परिस्थिती आणखी बिघडलेली. बाबांनी चारी टेकू इतके आवळले होते की त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. एक टेकू ओल्या मातीत चार बोटं रुतला होता. आणि डब्याचं दार लागत नव्हतं. जे दार आमच्या अंगणात एका बोटाने लागायचं, ते आता वरच्या कोपऱ्यात अडकत होतं.

“चौकट पिळली गेली,” बाबा म्हणाले. “काहून पिळली कळत नाही. बुडबुडा तर मधोमध आहे.”

“बाबा, तुम्ही इतकी वर्षं मशिनी बसवल्या, अन् एक डबा...”

“तू गप्प बस.” हे ते मला क्वचित म्हणतात. मग खालच्या आवाजात, “ती घरी जाईल बेटा.”

मी गप्प बसले. आमच्या घरात तो प्रसंग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

आईने मात्र तोवर शेगडी बाहेर काढून घेतली होती. परत जायचं तर जायचं, पण उपाशी काहून? मटारची भाजी घरून करून आणलेली होती. कणीक तिने तिथेच झाडाखाली भिजवली आणि पिशवीतून पोळपाट-लाटणं काढलं. तिचं पोळपाट ती कुठेही गेली तरी सोबत असतं. दुसऱ्याच्या पोळपाटावर तिची पोळी गोल होत नाही, असं ती म्हणते. चटई बाजूला सारून तिने पोळपाट सरळ जमिनीवर ठेवलं. उतारावर, मुळ्या आणि खड्यांत. आणि लाटायला लागली.

दोन पोळ्या झाल्या. तिसऱ्या पोळीला ती थांबली. पोळपाटाची कड बोटाने दाबली. मग दुसरी बाजू दाबली. मग दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकला.

“अहो,” ती म्हणाली.

बाबा डब्याखाली आडवे. “हं.”

“बाहेर या जरा.”

“काम करून राहिलो ना.”

“काम नाही करून राहिले तुम्ही, कुस्ती करून राहिले. या बाहेर.”

ते आले. गुडघ्यांना माती, हाताला ग्रीस.

“याला पाय किती?” तिने पोळपाट उचलून उलटं केलं. खालून तेल पिऊन काळे झालेले तीन बुटके पाय.

“तीन.”

“लग्नात आलं आहे माझ्यासोबत. याच्याखाली कधी कागद घातला मी?”

“नाही.”

“अन् टेबलाखाली?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

“ही जमीन बघा. खडे आहेत, मुळ्या आहेत. हे बसलंच ना? हालतं का? आता तुमच्या त्या घराला पाय किती ते मोजा. चार टेकू, दोन चाकं, अन् पुढचा तो दांड्याखालचा एक. सात! सात पायांचं काय स्थिर राहील बाप्पा? एक म्हणतो मी खाली, दुसरा म्हणतो मी वर.”

बाबा डब्याजवळ उकिडवे बसले आणि बोटाने मातीत तीन खुणा केल्या. दोन चाकं. पुढे दांड्याखालचा पाय. त्या तीन खुणा जोडल्या. चार टेकू बाहेर राहिले.

“फॅक्टरीत खाली काँक्रीट असतं,” ते म्हणाले. आईला नाही, मला नाही, त्या मातीला. “अन् लेथला स्प्रिंगा नसतात. मी स्प्रिंगांवरच्या गाडीला लेथसारखं उचलून राहिलो होतो.”

माणसाला आपलीच विद्या कशी नडते हे मी मोहिमेतल्या मोठमोठ्या लोकांना सांगत फिरते. त्या दिवशी वडिलांना पाहून सांगावंसं वाटलं नाही. कारण माझ्या पाच मागण्यांची वही ऑफिसात सुतळीला बांधलेली होती.

मी धावत चौकीदाराकडे गेले. “भैया, वो पटिये.”

“ले जाइए,” तो म्हणाला. पेरू संपला होता. हसला नाही, याबद्दल त्याचे उपकार. उलट एक फळी खांद्यावर टाकून तो माझ्यामागे आला.

मग सगळं उलट क्रमाने झालं. बाबांनी चारी टेकू सोडले, पूर्ण वर घेतले. डबा खाली बसला, हुश्श केल्यासारखा, आणि दार आपोआप लागलं. जीप परत जोडली, ठोकळे काढले. पाण्याकडच्या चाकासमोर दोन फळ्या एकावर एक ठेवल्या. बाबा जीपमध्ये, मी आत लेव्हलजवळ पोटावर पडलेली, चौकीदार चाकाशी.

“आने दो, आने दो... बस!”

“बुडबुडा?” बाबा ओरडले.

“अजून थोडा वरच्या बाजूला!”

आणखी एक फळी लागली. मग आडवा बुडबुडा मधोमध आला. दोन्ही चाकांना ठोकळे, घट्ट. त्यानंतरच हुक सोडला. मग पुढच्या दांड्याखालच्या पायाचं हँडल फिरवून पुढचं-मागचं जुळवलं. तीन पायांवर डबा उभा राहिला, सरळ, आणि अजून एकाही टेकूला हात लागलेला नव्हता.

टेकू शेवटी. प्रत्येकाखाली रुंद फळीचा तुकडा, रुतू नये म्हणून. बाबा हँडल फिरवायला लागले आणि आई येऊन शेजारी उभी राहिली, पिठाचे हात पुढे धरून.

“टेकला?”

“टेकला. जरासं अजून...”

“पुरे.”

“अगं, एक आटा तरी...”

“पुरे म्हटलं ना. त्याने उचलायचं नाही. नुसतं सोबत उभं राहायचं.”

बाबांचा हात थांबेना. आयुष्यभर शेवटचा आटा देऊन नट पक्का केलेला हात. तो हँडलवरून काढताना त्यांना खरोखर त्रास झाला, मी पाहिलं. चारी कोपऱ्यांत ती त्यांच्यामागे फिरली आणि चारी वेळा ‘पुरे’ म्हणाली.

मग कोणीच ‘आत ये’ म्हटलं नाही. करार तसा होता. बाबा चहाचं आधण ठेवायला वळले. मी फळ्या रचण्याचं नाटक करत होते. आईने हात धुतले, पुसले, चप्पल काढली. चौकट धरली. एक पाऊल. दोन. तिसऱ्यापाशी थांबली. तिने तिसरं टाकलं, चौथं टाकलं, पलंगावर बसली. मग उठली आणि पुन्हा दारापर्यंत आली. हे तिने पाच-सहा वेळा केलं, कोणी मशीन तपासावी तसं. शेवटी आडवी झाली आणि आतून आवाज आला.

“अहो, चहा इथे आणा.”

बाबांनी चहा नेला. त्या चहात साखर घालायला ते विसरले होते. आईने तो मुकाट्याने प्यायला, हे तिने मला खूप नंतर सांगितलं. अंधार पडायच्या आत निघायचं होतं. अंधार पडला. निघायची गोष्ट कोणी काढली नाही.

सकाळी मला जाग आली ती उन्हाने. मी बाहेर तंबूत झोपले होते. डब्याचं दार उघडं, बाबा पायरीवर बसून दात घासत होते, आणि आई नव्हती.

“आई कुठे?”

बाबांनी ब्रशनेच दाखवलं. नळ खालच्या अंगाला, पाण्याजवळ होता. तिथून आई वर येत होती. एकटी. एका हातात भरलेली कळशी, दुसरा हात हवेत जरा बाजूला, तोलासाठी. थांबत, पाय चाचपत, पण येत होती. मी उठले तर बाबांनी माझा दंड धरला. “बस.”

ती पोचली. कळशी ठेवली. धापा टाकत होती, कपाळाला घाम. आणि रागावलेली होती. दोन वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली होती, उदास पाहिली होती. अशी रागावलेली नव्हती पाहिली.

“ती तुझी वही कुठे आहे गं?”

“कोणती?”

“तक्रारीची. काल गेली होती ना तणतणत. नळापर्यंत धड वाट आहे, पण धरायला काही नाही. एक बांबू बांधला असता तरी चाललं असतं. माझ्यासारखं कोणी आलं तर काय करेल? चल, लिही.”

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. चढण होती, तिने माझा खांदा धरला होता. चौकीदाराने तिला बघून खुर्ची पुसली. मी वही उघडली, माझ्या पाचही मागण्यांवर आडवी रेघ मारली आणि खाली आईने सांगितलं तसं, तेवढंच लिहिलं. एक ओळ.

चौकीदाराने वाकून वाचली.

“‘जल्दी’ लिखा?” त्याने विचारलं.

लिहिलं नव्हतं. लिहिलं.